ठशांतून उतरलेला घोडा
चिनी लाकडी छपाईच्या चित्रप्रतिकृती : ओळख आणि मोल

सत्तावीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका काकूंनी मला एक चित्र दाखवायला घरी बोलावले. त्यांचे यजमान पन्नासच्या दशकात कुठल्याशा शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले होते. येताना त्यांनी एक गुंडाळी आणली होती. ती उलगडली की आत काळ्या शाईतला उधळलेला घोडा, कडेला चिनी अक्षरांची एक उभी ओळ आणि खाली लाल शिक्का. यजमानांना जाऊन वर्ष होत आले होते. आजारपणात बराच पैसा गेला होता. श्यू बेइहोंग नावाच्या चित्रकाराच्या घोड्यांना परदेशात लाखांनी भाव येतो, असे काकूंना कुणीतरी सांगितले होते.

मी तेव्हा नुकताच जुन्या छापील चित्रांच्या नादी लागलो होतो. नोकरी विम्याच्या कचेरीत. रविवारी जुना बाजार धुंडाळायचा, रविवर्म्याची रंगीत शिळाछापे मिळाली तर घ्यायची, एवढेच माझे शिक्षण. खिशात भिंग असे. ते घोड्याच्या आयाळीवर धरले. छपाईचे ठिपके कुठेच नव्हते. शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली दिसत होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "काकू, हे छापील नाही. हातचं आहे."

दोन महिन्यांनी मुंबईत एका ओळखीच्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात तोच घोडा भिंतीवर दिसला. शेपटीचा फटकारा तोच, खुराजवळ शाई सुकत गेल्याने उमटलेली खरखर तीच, शिक्क्याचा किंचित कललेला कोनही तोच. एकाच माणसाच्या हातून दोनदा असे होत नाही. मी काकूंना फोन केला. "चुकलो. छापीलच आहे ते. किंमत काही नाही त्याला." त्या म्हणाल्या, "बरं झालं, कळलं तरी." पुढे जागा बदलताना ती गुंडाळी रद्दीबरोबर गेली. हे मला फार उशिरा, आणि तेही सहज बोलण्याच्या ओघात कळले.

माझे पहिले विधान चुकले होते. दुसरे त्याहून अधिक चुकले होते. 'छापील' या एका शब्दात मी काय काय कोंबत होतो ते समजायला पुढची कितीतरी वर्षे गेली. चिनी भाषा मला येत नाही. अक्षरे कोशात शोधून लावता येतात, तेवढ्या बळावर हा लेख आहे.

त्या घोड्याच्या जातीच्या छपाईला चिनी भाषेत 'मूबान श्वेइयिन' म्हणतात. शब्दशः अर्थ लाकडी फळी आणि पाण्याचे मुद्रण. तेलकट शाईऐवजी पाण्यात कालवलेले रंग वापरायचे, हे तिचे मर्म. तिची मुळे मिंग काळाच्या अखेरीस नानजिंग शहरात सापडतात. तिथे हू जंगयेन या शिक्के कोरणाऱ्या रसिक प्रकाशकाने 'दहा बांबूंची अभ्यासिका' या आपल्या वास्तूच्या नावाने १६३३च्या सुमारास चित्रकलेचा एक रंगीत संग्रह पुरा केला, आणि १६४४ साली, म्हणजे मिंग राजवट कोसळली त्याच वर्षी, पत्रे लिहिण्याच्या नक्षीदार कागदांचा दुसरा. जपानमधली बहुरंगी ठसेछपाई भरात आली ती १७६५नंतर. आपल्याकडे लाकडी ठशांचे चित्र म्हटले की जपानच आठवतो, म्हणून हा काळाचा हिशेब मुद्दाम सांगितला.

हू जंगयेनच्या पद्धतीला 'तोउबान' म्हणत. ताटात तऱ्हेतऱ्हेचे छोटे खाद्यपदार्थ रचून मांडावेत तसे लहान लहान ठसे जुळवून एक चित्र उभे करायचे, अशी त्या नावामागची कल्पना. एका फुलाच्या पाकळीला एक ठसा, देठाला दुसरा, पानाच्या गडद बाजूला तिसरा. दुसरी एक युक्ती होती तिला 'गोंगहुआ' म्हणत : ठशाला रंग लावायचाच नाही, नुसता दाब देऊन कागद उठवायचा. ढग, लाटा, पक्ष्याची पिसे अशी उमटत. रंग नसलेले हे उठाव छायाचित्रात दिसत नाहीत. कागद खिडकीशी तिरपा धरला की दिसतात.

या कलेला आधुनिक काळात जगवले ते पत्राच्या कागदांनी. बीजिंगच्या ल्यूलीछांग या पुस्तके, शाई, कुंचले यांच्या गल्लीत १६७२ साली स्थापन झालेले एक दुकान होते. १८९४ साली त्याने 'रोंगबाओजाय' हे नाव घेतले. (त्याच वर्षी मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, चित्र अनेकांच्या घरी कसे पोचवायचे. उत्तरे मात्र अगदी वेगळी निघाली.) विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पाश्चात्त्य पद्धतीचा कागद आणि टाक आले, तशी नक्षीदार पत्रकागदांची मागणी ओसरू लागली. तेव्हा लेखक लू शुन शांघायमध्ये होते आणि अभ्यासक जंग जन्दुओ बीजिंगमध्ये. दोघांनी पत्रव्यवहार करत बीजिंगच्या दुकानांतले उत्तम कागद निवडले, त्यांचे ठसे पुन्हा छापून घेतले आणि १९३३ साली सहा भागांचा एक संग्रह काढला. प्रती १००. त्या हातोहात गेल्या, म्हणून पुढच्या वर्षी आणखी १०० छापल्या. त्या संग्रहाच्या सूचीत चित्रकारांबरोबर ठसे कोरणाऱ्यांचीही नावे नोंदवली आहेत. कारागिराचे नाव चित्रकाराच्या शेजारी छापणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. यानंतर दोघांनी हू जंगयेनचा पत्रकागदांचा संग्रह रोंगबाओजायकडून नव्याने कोरून घ्यायला सुरुवात केली. ते काम १९४१ साली संपले. लू शुन १९३६ सालीच गेले होते.

१९५०नंतर रोंगबाओजाय सरकारी छत्राखाली आले आणि कामाचे स्वरूप पालटले. वीतभर पत्रकागदांऐवजी आता पूर्ण आकाराची चित्रे ठशांत उतरवायची होती. शांघायमध्ये १९०० साली सुरू झालेले दुओयुनश्युआन हे दुकानही याच वाटेने गेले. छी बायशींचे झिंगे, श्यू बेइहोंगचे घोडे, जुन्या राजवंशांतल्या चित्रांच्या प्रती अशी छपाई या दोन ठिकाणांहून होऊ लागली. परदेशी पाहुणे, वकिलातींतली माणसे आणि शिष्टमंडळे हे त्यांचे एक मोठे गिऱ्हाईक होते. काकूंचा घोडा पुण्याला आला तो या वाटेने. श्यू बेइहोंग स्वतः १९३९-४०मध्ये शांतिनिकेतनात राहून गेले होते, गांधीजींचे आणि रवींद्रनाथांचे चित्र त्यांनी काढले होते. त्यामुळे त्यांचे नाव इकडे अगदीच अनोळखी नव्हते.

आता हे काम चालते कसे ते पाहू, कारण ओळख पटवण्याच्या साऱ्या खुणा कामाच्या रीतीतच दडलेल्या आहेत.

पहिला माणूस चित्राचे वाचन करतो. कुठली शाई किती पातळ आहे, कुठला फटकारा आधी पडला, कुठला नंतर, हे ठरवून तो चित्राचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा पारदर्शक पातळ कागदावर रेखून घेतो. हा माणूस स्वतः चांगला चित्रकार असावा लागतो. दुसरा तो रेखलेला कागद नासपतीच्या गुळगुळीत फळीवर चिकटवून कोरतो. जाड, भरीव रेघ कोरणे त्या मानाने सोपे. कोरडा कुंचला कागदावरून घासत गेल्यावर मधेमधे पांढरे सुटत जाते ना, तो फटकारा लाकडात उतरवणे हे कसब. तिसरा छापतो.

छपाईचे मेज मी एकदाच, बीजिंगला गेलो तेव्हा जवळून पाहिले. जपानी पद्धतीत ठशावरच खाचा असतात, त्यांत कागदाची कड टेकवून दर वेळी सुटा कागद बसवतात. इथे उलट. किंचित ओलसर कागदांची चळत एका कडेने मेजाला घट्ट आवळलेली असते आणि सरकवून जागेवर आणला जातो तो ठसा. एकदा तो नेमका जुळला की खाली चिकटवून टाकतात. मग एकेक कागद वहीच्या पानासारखा ठशावर आणायचा, पाठीवरून घासणीने दाबायचा आणि मेजातल्या फटीतून पलीकडे खाली सोडून द्यायचा. एका ठशाची सगळी चळत संपली की पुढचा ठसा. रंग कुंचल्याने ठशावर लावतात आणि एकाच ठशावर एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला पाण्याने फिका करत नेतात. कागदात ओल जास्त झाली तर रंग फुटतो, कमी झाली तर कोरडा बसतो. मी पाहत होतो तेव्हा छापणाऱ्या बाईंनी एक कागद उचलून नुसता गालाला लावला आणि पुन्हा खाली ठेवला. ओल मोजायचे दुसरे कुठलेही साधन मेजावर नव्हते.

हा खटाटोप कुठवर जाऊ शकतो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे 'हान शीजायची रात्रीची मेजवानी'. दहाव्या शतकातल्या गू होंगजोंग या चित्रकाराच्या नावावर असलेले हे लांब गुंडाळीचित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. उंची जेमतेम २९ सेंटिमीटर, लांबी सव्वातीन मीटरच्या वर. रोंगबाओजायने १९५९ साली त्याची प्रत करायला घेतली. मधे सांस्कृतिक क्रांतीने काम थांबवले. प्रती पुऱ्या झाल्या १९७९ साली. ठसे लागले १६६७. छपाई रेशमावर. प्रती निघाल्या ३५.

आणि गंमत अशी की ज्या चित्राची ही प्रत, ते संग्रहालयातले चित्रही गू होंगजोंगच्या हातचे नसून पुढे सोंग काळात केलेली नक्कल असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. चिनी परंपरेत यामुळे फारसे कुणी अस्वस्थ होत नाही. सहाव्या शतकात श्ये ह याने चित्रकलेची सहा तत्त्वे सांगितली, त्यांतले सहावे जुन्यांच्या नकलेतून परंपरा पुढे नेण्याचे आहे. चिनी सुलेखनातली सर्वांत वाखाणलेली कृती, वांग शीजृने ३५३ साली लिहिलेली 'ऑर्किड मंडपा'ची प्रस्तावना, आज मूळ रूपात अस्तित्वातच नाही. तिचा सारा लौकिक नकलांवर उभा आहे. या परंपरेत वाढलेला कारागीर प्रतिकृती करतो तेव्हा फसवणे हा त्याचा हेतू नसतो, आणि 'मूळ नाही म्हणजे काही नाही' हे वाक्य त्याला कळणारही नाही. छी बायशींपुढे झिंग्यांची दोन चित्रे ठेवली, एक त्यांचे आणि एक ठशांतले, आणि आपले कोणते ते त्यांना सांगता येईना, अशी गोष्ट रोंगबाओजायबद्दल सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेल. पण ती दुकानाच्या फजितीची म्हणून सांगत नाहीत, अभिमानाची म्हणून सांगतात.

आता भिंग हातात घेऊ. चित्र समोर आले की मी ज्या क्रमाने पाहतो तो क्रम सांगतो.

भिंगाखाली नियमित ओळींत ठिपके दिसले तर ती ऑफसेट छपाई. विषय संपला. अलीकडे संगणकाच्या छपाईयंत्रावर थेट श्युआन कागदावर काढलेल्या प्रती फार येतात. त्यांत ठिपके ओळीत नसतात, विखुरलेल्या रंगीत फवाऱ्यासारखे असतात, आणि काळ्या शाईतही निळे-तांबडे कण सापडतात. कॉलोटाइपमध्ये ठिपके नसतात, पण सुरकुतलेल्या सायीसारखी बारीक वळवळती जाळी असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्रसंग्रहांसाठी ही पद्धत चीनमध्ये पुष्कळ वापरली गेली, त्यामुळे जुन्या कागदावरही ती भेटते. यांतले काहीच नसेल तर उरतात दोन शक्यता : हातचे चित्र किंवा लाकडी ठसे. भिंग इथपर्यंतच नेते. माझी पहिली चूक हीच, की मी इथे थांबलो.

पुढचे काम उघड्या डोळ्यांचे आणि सावकाशीचे. श्युआन कागद शाई झटकन शोषतो. एका ओल्या फटकाऱ्यावर दुसरा ओला फटकारा पडला की दोघांच्या सीमेवर एक फिकट, बारीक रेघ राहते, जणू पहिल्या पाण्याने दुसऱ्याला अडवले. चित्रकाराच्या हातात हे आपोआप होते. ठशांत ते मुद्दाम घडवावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी घडवता येत नाही. तसेच कुंचला जिथे टेकतो, वळतो, उचलला जातो तिथे शाईची दाटी बदलते. ठशात या बदलाचा आकार येतो, पण खोली थोडी सपाट राहते. दोन रंग भिडतात तिथे केसाएवढी पांढरी फट किंवा केसाएवढा चढलेला थर शोधावा. कागदाला मागून पाठ लावलेली नसेल तर भाग्यच. मागच्या बाजूला घासणीने आलेली किंचित चकाकी आणि रेघांच्या कडांशी दाबाची हलकी खाच तिरप्या उजेडात दिसते. पाठ लावताना कागद ओला करून ताणतात, तेव्हा ही खूण बहुधा पुसली जाते.

शिक्क्यावर मात्र भिस्त ठेवू नये. खरा शिक्का तेलात मळलेल्या लाल हिंगुळाच्या लगद्याचा असतो, तो कागदावर थोडा उभा राहतो. पण चांगल्या प्रतिकृतीतही तोच लगदा वापरलेला सापडतो. लोक सगळ्यात आधी शिक्का पाहतात आणि फसवणाऱ्यालाही हे ठाऊक असते.

शेवटचा पुरावा दुसऱ्या प्रतीचा. हात स्वतःची पुनरावृत्ती कधीच करत नाही. विशेषतः अपघात दोनदा होत नाहीत : चुकून सांडलेला थेंब, भरकटलेला केस, फुटलेली कड. दोन ठिकाणी एकच अपघात दिसला की निकाल लागला.

मोलाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात आणि त्याबद्दलच मी सगळ्यात कमी बोलतो. सरळ उत्तर असे की मूळ चित्र आणि ठशांची प्रत यांच्यातले अंतर कुठल्याही तुलनेपलीकडचे आहे. छी बायशींच्या बारा निसर्गचित्रांच्या पट्ट्या २०१७ साली बीजिंगच्या लिलावात ९३ कोटी १५ लाख युआनला गेल्या. त्यांच्या झिंग्यांची ठशांतली साधी प्रत मध्यमवर्गीय हौशी माणसालाही घेता येते. एवढी दरी असते तिथे ती बुजवायला लबाड माणसे उभी राहतातच. दुकानाची खूण असलेला कोपरा कापायचा, कागद चहाच्या पाण्याने जुना करायचा, वर एकदोन जागी हाताने शाई फिरवायची, जुन्या संग्राहकांचे खोटे शिक्के मारायचे आणि जुन्या रेशमी किनारीत बसवायचे. कारागिराने प्रामाणिकपणे केलेली वस्तू बनावट होते ती इथे.

पण ठशांच्या प्रतींत आपापसांतही मोठा फरक आहे, आणि तो माहीत नसल्यामुळेच माझी दुसरी चूक झाली. लू शुन आणि जंग जन्दुओ यांच्या १९३३च्या संग्रहाची प्रत ही आज दुर्मीळ ग्रंथ म्हणूनच विकली जाते. रेशमावरच्या, मोठ्या, शेकडो ठशांच्या आणि मोजक्या प्रतींच्या गुंडाळ्या त्यांच्या वेगळ्याच पंक्तीत. त्याखाली सांस्कृतिक क्रांतीच्या आधीच्या, म्हणजे १९६६पूर्वीच्या कागदी प्रती, मूळ किनार आणि दुकानाची चिठ्ठी शाबूत असलेल्या. पर्यटकांसाठी नंतर भरपूर छापलेले घोडे-झिंगे सर्वांत खाली. चित्रकाराचे नाव मोठे असले की प्रत महाग, हा समज अर्धाच खरा. मला विचाराल तर पन्नासच्या दशकातला एखादा साधा पत्रकागद, ज्यावर गोंगहुआचा उठाव अजून टवटवीत आहे, मी नंतरच्या दहा घोड्यांवरून ओवाळून टाकीन. बाजार माझ्याशी सहमत नाही.

स्थितीचा हिशेब कठोर असतो. आपल्या हवेत श्युआन कागदावर तांबूस बुरशीचे डाग लवकर पडतात, आणि दिवाणखान्यात उन्हासमोर टांगलेल्या चित्राचे फिके रंग आधी जातात. ते परत येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे हौसेने केलेली दुरुस्ती. फ्रेमवाल्याकडे गुंडाळी दिली की तो दांड्या काढतो, किनार कापतो, चित्र पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि काच लावून सुबक करून देतो. किनारीवरची चिठ्ठी, मागचा शिक्का, कडेची खूण सगळे केराच्या टोपलीत. मग माझ्यासारख्याने सांगायचे तरी कशावरून? कुणाकडे अशी गुंडाळी असेल तर तिला पाणी, खोडरबर, चिकटपट्टी यांतले काही लावू नका. सैल गुंडाळून सुती कापडात ठेवा, पावसाळा संपला की सावलीत उलगडून एक दिवस वारा द्या. आणि मागची, कडेची, दांडीजवळची छायाचित्रे काढून ठेवा. समोरचा घोडा सगळेच टिपतात.

काकूंच्या घोड्याचे एकच छायाचित्र माझ्याकडे आहे. रोल संपत आला होता म्हणून उरलेल्या एका फिल्मवर घेतलेले, थोडे हललेले. चित्रकाराचा शिक्का त्यात नीट वाचता येतो. खाली डाव्या कोपऱ्यात, किनारीला अगदी लागून, नखाएवढा आणखी एक लाल ठिपका आहे. तेव्हा तो मला कुणा जुन्या मालकाचा वाटला होता. आता कितीही मोठा करून पाहिला तरी त्यातली अक्षरे लागत नाहीत. मात्र ती तीन आहेत एवढे दिसते, आणि शेवटच्या अक्षराची खालची बाजू 'जाय'च्या खालच्या बाजूसारखी आहे.